ओळख आधी कोणी द्यायची?

पणजोबांनी नाटकमंडळ्यांसाठी राजांचे, राक्षसांचे आणि वृद्ध ऋषींचे केसांचे टोप गुंफले. लोक त्यांना ‘जटाधारी’ म्हणत, आणि त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर मात्र औषधालाही केस नव्हता. आजोबांनी टोप रंगमंचावरून खाली आणले. आजारातून उठलेल्या, वयाने विरळ झालेल्या साध्या माणसांच्या मस्तकांची त्यांनी काळजी घेतली. काम करताना ते ओठांत टाचण्या धरीत, म्हणून त्यांचे नाव पडले ‘मुके’. वडिलांना सारे दादा म्हणत. त्यांनी दुकानाला मागचे दार काढले, आरशापुढे पडदा लावला आणि घराण्याला एक नियम घालून दिला: रस्त्यात गिऱ्हाईक दिसले तर नजर वळवून पुढे चालावे. त्याने ओळख दिली, तरच आपण ओळख द्यावी.

या घराण्याची चौथी पिढी म्हणजे आप्पा. त्यांचा नियम इतका कडक की मुलीच्या सासऱ्यांना त्यांनी भर समारंभात ओळख दिली नव्हती, कारण व्याह्यांच्या डोक्यावर याच दुकानाचा टोप होता. त्यावरून दोन घरांत वर्षभर अबोला होता. अखेर व्याही स्वतः मागच्या दाराने येऊन म्हणाले, “अहो, नमस्काराने कुणाचे केस गळत नाहीत.”

असे हे आप्पा. आणि याच आप्पांनी एके दिवशी आपल्या साऱ्या गिऱ्हाइकांना एकाच वेळी भर चौकात हाक मारली. ती कशी, हे प्रत्येक सुजाण नागरिकाने नीट ऐकावे.

दुकानाकडे येणारी पावले अलीकडे विरळ झाली होती. समोरचा चष्मेवाला एकदा काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, “आप्पा, तुम्ही अजून मागच्या दाराने धंदा करताय. जग पुढच्या दाराने निघून गेलं.”

“कुठे गेलं?”

“इथे,” म्हणत त्याने आपला फोन पुढे केला. ज्या अवाढव्य संकेतस्थळावर सारे जग सकाळ-संध्याकाळ जाऊन बसते, तेच ते. “इथे दुकानाचं पान काढा. फुकट आहे. लोक तुम्हाला शोधत येतील.”

आप्पांची सून पाणीपुरवठा खात्याच्या कार्यालयात संगणक सांभाळत असे. ती म्हणाली, “आप्पा, पान काढायचंच असेल तर मी दुसऱ्या ठिकाणी काढून देते. लहान आहे. कारागिरांनी वर्गणी काढून चालवलंय. तुमच्या फोनमधलं ते काही मागत नाही, जाहिराती दाखवत नाही.”

“तिथे माणसं किती?”

“आपल्या शहरातली असतील हजारभर.”

चष्मेवाला हसला. “हजार? तेवढे तर माझ्या पानावर नुसत्या फ्रेमांचे फोटो आहेत. सूनबाई, सासऱ्यांना बाजारात बसवायचं की माळावर?”

आप्पांना बाजारच पटला. पान निघाले, टोपांची छायाचित्रे लागली. मग त्या संकेतस्थळाने विचारले, ‘तुमच्या ओळखीची माणसे शोधू का?’ खाली ‘होय’ होते मोठे, निळे, ठसठशीत. बाजूला ‘नंतर’ होते, तांदळातल्या खड्याएवढे. आप्पांनी दोनदा ‘नंतर’वर बोट ठेवले. तिसऱ्यांदा तोच प्रश्न आला तेव्हा त्यांना वाटले, समोरचा इतक्या आर्जवाने विचारतो आहे, आपण किती वेळा नाही म्हणायचे? आणि त्यांनी ‘होय’ म्हटले.

मनात धास्ती नव्हती. फोनमध्ये गिऱ्हाइकांची नावे त्यांनी कधीच लिहिली नव्हती. दुकानातल्या टोप बसवायच्या लाकडी मुंडक्यांवर जशा नुसत्या खुणा कोरलेल्या असत, तशाच फोनमध्येही खुणा होत्या: दोन रेघा, चांदणी, उलटा बाण. कुणी पाहिले तरी काय कळणार?

चौथ्या दिवसापासून मात्र काही उमगेनासे झाले. एक निवृत्त प्राचार्य रस्त्यात समोरून आले आणि आप्पांनी नजर वळवण्याआधीच तरातरा पलीकडच्या बाजूला गेले. एका गायिकेने ठरलेली भेट रद्द केली. कारण विचारले तर फोन ठेवून दिला. एका अनोळखी माणसाने दुकानात डोकावून विचारले, “आमचे साहेब इथलेच का हो?” आणि उत्तराची वाट न पाहता हसत निघून गेला. आप्पांनी आरशात स्वतःचा चेहरा पाहिला. आपल्याच तोंडाला काही लागले आहे की काय, असे त्यांना वाटले.

आठव्या दिवशी टपाल कार्यालयातल्या खिडकीवरची मुलगी आली. वय सत्तावीस. दोन वर्षांपूर्वी एका विकाराने तिच्या मस्तकावरचा केस न् केस गेला होता. तिचा टोप आप्पांनी साडेतीन महिने खपून गाठवला होता, आणि तो टोप आहे हे तिच्या कार्यालयात कुणालाही ठाऊक नव्हते. आजवर ती मागच्या दाराने येई. आज ती पुढच्या दाराने आली, काउंटरपाशी उभी राहिली आणि दुकानाच्या उघड्या काचेसमोर तिने टोप उतरवून ठेवला.

“हा घ्या, काका. आता याचा काय उपयोग?”

आप्पा धडपडत काचेवरचा पडदा ओढायला धावले.

“राहू द्या पडदा. माझ्या शेजारच्या खिडकीवरच्या माणसाला फोनवर तुमचं दुकान दिसलं. खाली माझा फोटो, आणि लिहिलं होतं, ‘तुमच्या कार्यालयातली ही व्यक्ती या दुकानाच्या ओळखीची आहे.’ जेवणाच्या सुट्टीत त्याने सगळ्यांना दाखवलं. मग एकीने विचारलं, खरे आहेत का गं? आणि हात लावून बघितला.”

“पोरी, मी कुणाजवळ अवाक्षर काढलेलं नाही.”

“मग त्याला कोणी सांगितलं?”

आपण बोललो नाही, हे सूर्यप्रकाशाइतके सत्य होते. आणि गुपित फुटले, हेही तितकेच सत्य होते. दोन सत्ये समोरासमोर उभी, आणि मध्ये आप्पा, बुद्धी गहाण पडल्यासारखे.

ती टोप तिथेच ठेवून गेली. आप्पा त्याच्याकडे बघत बसले. त्यांना अधिकच खुपत होते ते वेगळ्या कारणाने. पस्तीस वर्षांपूर्वी दुकानातल्या केसांच्या पेट्यांना कसर लागली होती. एका मोठ्या नाटकमंडळीचे काम तोंडावर आलेले, आणि पेट्यांत उरला होता भुसा. तेव्हा शेजारी राहणाऱ्या एका तरुण शिवणकाम करणाऱ्या बाईने गुडघ्यापर्यंतची आपली वेणी कापून दादांच्या हातात दिली होती. मोल घ्यायला नकार देत ती म्हणाली होती, “केस दिलेत, कधी लागलेच तर केसच परत द्या.” दादा जाताना आप्पांना एवढेच ऋण सांगून गेले. त्या बाईची लेक म्हणजेच ही मुलगी. पहिल्या टोपाच्या वेळी आप्पांनी ती गोष्ट काढली, तर तिने उडवून लावले होते: “आईचं आईपाशी. मला उपकाराचं ओझं डोक्यावर नको, काका. आधीच टोप आहे.”

संध्याकाळी सून घरी आली तेव्हा आप्पा न जेवता बसले होते. त्यांनी सारे सांगितले आणि लहान मुलासारखे विचारले, “नाव तर मी कुठेच लिहिलं नव्हतं गं. खूण होती. चांदणी.”

“चांदणीसमोर नंबर होता ना?”

“तो तर लागतोच.”

“तोच नंबर त्या मुलीने कधीतरी तिचं स्वतःचं खातं काढताना त्यांना दिला होता, नावासकट. तुमच्याकडून एक टोक आलं, तिच्याकडून दुसरं. त्यांनी गाठ मारली. तुम्ही जाळीत केस गाठवता तसं.”

“पण मी फक्त माझी यादी दाखवली.”

“यादी तुमची नव्हती, आप्पा. फोन तुमचा. नंबर त्यांचे.”

आप्पा चिडले. खजील झालेला माणूस आधी चिडतोच. “सगळं जग तिथे आहे! ते काय वेडं आहे? आणि एवढं सगळं फुकट देतात, त्याचं काहीच नाही?”

“फुकट कुठलं? माणसाला कोण ओळखतं, तो कुठे जातो, कशाने दुखावतो, हे गोळा करायचं आणि जाहिरातवाल्यांना त्याच्यापर्यंत पोचवायचं, हाच त्यांचा धंदा. तुमच्या पानाचं मोल कोणी भरलं? खिडकीवरच्या मुलीने.”

“आणि तुझ्या त्या माळावर सगळे साधुसंतच राहतात वाटतं?”

“नाही. लबाड तिथेही शिरू शकतो. माणसं कमी आहेत, शोधायला जड जातं, वर्गणी भरावी लागते. मी गोडवे गाणार नाही. पण तिथे तुमची यादी मागतच नाहीत. जे घेतलंच नाही ते सांडणार कसं?” मग ती हलकेच म्हणाली, “आप्पा, लग्न होऊन आले तेव्हा तुम्हीच मला या घराचा नियम शिकवलात. ओळख आधी कोणी द्यायची?”

“गिऱ्हाइकाने.”

“आणि या वेळी कोणी दिली?”

तीनशे चाळीस माणसे! आयुष्यभर ज्यांच्यापुढे नजर वळवली, त्या प्रत्येकाच्या खांद्यावर त्यांनी भर बाजारात हात ठेवला होता, आणि तोही परक्याच्या हाताने!

दुसऱ्या दिवशी सुनेने पान बंद करायला घेतले. संकेतस्थळाने आठ प्रश्न विचारले. आम्हाला सोडून का जाता? कुणी दुखावले का? तीस दिवस विचार करून पाहता का? आप्पा म्हणाले, “हा रुसलेल्या जावयापेक्षा वरचढ आहे.” दिलेली यादी पुसायची जागा आणखी वेगळीच होती, ती शोधण्यात दुपार गेली. “पुसली,” सून म्हणाली. “पण तिकडे काय उरलं असेल, ते मी छातीठोक सांगू शकत नाही.”

मग दुसरा पेच उभा राहिला. क्षमा मागायची तर कशी? फोन करावा तर पुन्हा आपणच आधी हाक मारल्यासारखे होणार, आणि फोन घरातल्या भलत्याच माणसाने उचलला तर आगीत तेल. आप्पा दोन दिवस येरझाऱ्या घालत राहिले. अखेर ज्यांचे पत्ते होते त्यांना त्यांनी स्वहस्ते पत्रे लिहिली. साधे पाकीट, बाहेर दुकानाचे नाव नाही, आत टोपाचा उल्लेखही नाही. ‘तुमचा नंबर मी तुम्हाला न विचारता दुसऱ्याच्या हाती दिला. चूक माझी आहे. तो नंबर काढून टाकण्याचा यत्न केला आहे. पूर्ण निघाला असे म्हणवत नाही.’ खाली फक्त ‘आप्पा’.

चष्मेवाल्याने ऐकले आणि खांदे उडवले. “माझ्या चष्म्यांत काय लपवायचं? नाकावरच तर असतात.”

“तुमच्याकडे एका डोळ्याने अधू असलेला एखादा वाहनचालक नसेल?” सुनेने विचारले. “ज्याने मालकाला अजून सांगितलं नाही असा?”

आठवड्याने चष्मेवाला हळूच येऊन म्हणाला, “ते तुमचं लहान ठिकाण. मलाही दाखवा जरा.”

आप्पांचे पान आता तिथे आहे. त्यावर टोप आहेत, माणसे नाहीत. गर्दी जमली, असे खोटे मी लिहिणार नाही. महिन्यात सातजण आले, सातही मागच्या दाराने. जुन्यांपैकी प्राचार्य परतले. गायिका परतली नाही, आणि तिच्यासारखे आणखी कितीतरी.

वाचकहो, यातून घ्यायचे ते स्पष्ट घ्या. शेजारणीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट आपण चव्हाट्यावर सांगत नाही, आणि सांगणाऱ्याला घरात थारा देत नाही. मग आपल्या फोनमधली माणसे आपण एका निळ्या बटणाखाली कशी काय ओतून देतो? दुसऱ्याचा नंबर, चेहरा, आजार आणि लाज ही आपल्याकडची ठेव आहे, मालमत्ता नव्हे. जो ती मागतो त्याला नाही म्हणावे. शंभरदा मागितली तर शंभरदा म्हणावे. आणि जो मागत नाही त्याच्या दारात गर्दी कमी असली, तरी आपण तिथे जाऊन ती एकाने वाढवावी.

दीड महिन्याने ती मुलगी आली. सोबत तिची आई होती, आता केस पांढरे आणि मानेपर्यंतच उरलेले. मुलीने डोक्याला साधा रुमाल बांधला होता.

“सोमवारी मी स्वतःच सगळ्यांना सांगितलं,” ती म्हणाली. “आजार काय, टोप कुठला, सगळं. हात लावणारी रडली. मला तिची दया नको होती, पण रडली.”

“पोरी—”

“थांबा, काका. मी कधीतरी सांगितलं असतं की कधीच नाही, ते आता मला कळायचं नाही. ते ठरवणं माझं होतं. ते तुमच्या हातून गेलं.”

“ते कशाने फेडू?”

“ते फिटायचं नाही. आईचं तेवढं फेडा. मला नवा टोप हवा. आखूड, दोन्ही कान दिसतील असा. लपवायला नाही, आवडतो म्हणून.”

आई पदर सावरून खुर्चीत बसली. “दादांकडे माझी वेणी येणं आहे. वजन त्यांनीच केलं होतं, एकशे चाळीस ग्रॅम. विसरला नसाल.”

“घरात दुसरं काही पाठ नाही,” आप्पा म्हणाले.

“मग पुरतं द्या. हातचं राखू नका.”

आप्पांनी उत्तम केसांची पेटी उघडली. अडीच महिने त्यांनी दुसरे काम घेतले नाही. जाळी मुलीच्या मापाची, गाठ एकेरी, भांग तिने सांगितला त्या बाजूला. टोप तयार झाला तेव्हा तो भरला पंचावन्न ग्रॅम. आखूड टोपाला याहून केस लागत नाहीत. आप्पांनी पेटीतून उरलेले पंच्याऐंशी ग्रॅम काढले, रेशमी दोऱ्याने त्यांची वेणी घातली आणि टोपाशेजारी तराजूच्या एका पारड्यात ठेवली; दुसऱ्या पारड्यात एकशे चाळीस ग्रॅमचे वजन होते.

काटा मध्यावर येऊन थांबला. आईने वाकून तो पाहिला, वेणी उचलून हातात तोलली, आणि म्हणाली, “फिटलं.”