शिवेतला सुरुंग

सकाळपासून पोटातलं हाललं नव्हतं आणि मी ते सत्यमला सांगितलं नव्हतं.

सांगितलं असतं तर त्यानं गाडी उलटी फिरवली असती, आईला फोन लावला असता आणि देवगाव रंगारीहून अख्खं घर दवाखान्यात येऊन बसलं असतं. मागच्या महिन्यात हेच झालं होतं. मी घाबरले, सगळे धावले, आणि डॉक्टरीणबाईंनी मशीन लावलं तर आत ठोके मजेत चालू. त्यानंतर चतुराबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटल्या, "आमची मोनिका लई भित्री." तेव्हा या वेळी मी दात आवळून गाडीत बसले. हट्टी म्हणा, मूर्ख म्हणा, दोन्ही खरं आहे.

निघालो होतो पाथरखेड्याला, वरवंटा आणायला. आमच्याकडे बारशाला पाळण्यात आधी वरवंटा निजवतात. त्याला न्हाऊ घालायचं, टोपडं बांधायचं, आणि मग बाळाची पाळी. पहिल्या खेपेला सत्यमनं गुलमंडीच्या बाजारातून मशीनवर कापलेला गुळगुळीत वरवंटा आणला होता. ते बाळ पाळण्यापर्यंत आलंच नाही. आठव्या महिन्यात पोटातच गेलं. सासूबाईंनी खापर फोडलं ते दगडावर. "या टायमाला हातानं घडवलेलाच आणा," त्यांनी बजावलं. माझ्यावर फोडण्यापेक्षा दगडावर फोडलेलं बरं, म्हणून मीही वाद घातला नाही.

वेरूळ मागं पडलं, पुढं डांबरही संपलं आणि खडीच्या रस्त्यानं आम्ही गावात शिरलो. घरोघरी अंगणात छिन्नी-हातोड्याचे आवाज. सत्यम सहलीला आल्यासारखा खुशीत होता. "मोना, ते जातं बघ! तो खलबत्ता बघ!" मी बघत होते बाहेर आणि ओढणीखाली एका बोटानं पोटाला ढोसत होते. ऊठ रे. ऊठ गं. जे कोण असशील ते, पण ऊठ.

सरिता नावाच्या पाथरवटणीनं आम्हाला अंगणात बसवलं. तिनं एक काळाभोर वरवंटा निवडला, रांजणातल्या पाण्यानं धुतला आणि म्हणाली, "असा हातात नाय देत ताई. वटी पुढं करा."

मी ओढणी पसरली. गार, ओला दगड पोटाला टेकला. एरवी थंड पाण्याचा नुसता पेला टेकला तरी आतून लाथ यायची. आज काही नाही.

"अहो, निघू या," मी म्हणाले. गाडीत अरे, चारचौघांत अहो, असा आमचा रिवाज. त्या अहोत काय भरलं होतं, ते या माणसाला कळेल तर शपथ.

"अगं, चहा टाकलाय त्यांनी."

आणि तो बशीत ओतून, फुंकर मारमारून चहा प्यायला. ती बशी हिसकावून भिंतीवर आपटावी असं मला वाटलं.

गावाबाहेर पडायला रस्ता एकच, तोही खदानीच्या कडेनं. वळणावर लाल फडकं घेतलेला एक म्हातारा आडवा आला. खदानीचा मुकादम, सर्जेराव. गळ्यात शिट्टी.

"थांबा. सुरुंग भरलेत. आत्ता उडिवतो, मंग जावा." एवढं बोलून त्यानं खिडकीतून आत पाहिलं आणि ओठाशी नेलेली शिट्टी खाली घेतली. "पोटुशी बाई हाय व्हय? कुणी सांगितलंच नाय आम्हाला!"

"का? काय झालं?" सत्यमनं विचारलं.

"पोटुशी बाई शिवेत असली का आमच्याकडं सुरुंग उडवत नाय, साहेब. दणक्यानं आतलं दचकतं."

"मग आम्हाला जाऊ द्या."

"भरल्या सुरुंगाजवळनं गाडी? नाय जमणार. शहरातनं आमचा माणूस यील, दारू काढून घील, मंग वाट मोकळी."

"कधी येईल?"

"यील की सांजपातूर."

म्हणजे मी आहे तोवर सुरुंग उडणार नाही, आणि सुरुंग आहे तोवर मी इथून हलणार नाही. सत्यम म्हणाला, "चला, बसू सावलीत. घाई कुठं आहे आपल्याला?"

माझं डोकंच फिरलं. मी दार उघडून खाली उतरले.

"उडवा."

"नाय ताई. ते पाप माझ्या हातनं नाय व्हायचं."

"उडवा म्हणते ना! सकाळपासून हाललेलं नाही ते! तुम्ही ज्याला जपताय ना, ते आहे की गेलं हेच मला माहीत नाही. मला दवाखान्यात जायचंय!"

इतक्या मोठ्यानं ओरडले की खदानीच्या काठावरचे गडी वळून बघू लागले. सत्यमकडे बघायची माझी छाती झाली नाही. आता हा बोलणार, मला वाटलं. सगळ्यांसमोर बोलणार.

तो सरळ सर्जेरावांसमोर गेला आणि त्यानं हात जोडले. "मामा, उडवा. पाप लागलं तर मला लागू द्या."

म्हाताऱ्यानं डोक्याचा पटका सोडला आणि माझ्या हातात दिला. "पोटाला गुंडाळा. घट्ट नगं. अन् गाडीच्या आडोशाला बसा."

शिट्टी वाजली. "सुरुंऽऽग हाय! हुश्शाऽऽर!"

दणका कानांआधी तळपायांत आला. गाडीच्या काचा थरथरल्या, धुरळा उठला, दगड घरंगळत गेले. पटक्यावर दोन्ही हात दाबून मी वाट बघत होते. काही नाही. धुरळा बसायला लागला, तरी काही नाही.

आणि मग बरगडीखाली अशी लाथ बसली की मी कळवळून ओरडले. पाठोपाठ दुसरी.

"काय झालं? मोना, काय झालं?"

"लाथ मारली," मी म्हणाले. "मेल्यानं लाथ मारली मला!"

सर्जेरावांनी कपाळाला हात लावून नमस्कार केला आणि फडकं खाली घेतलं. वाट मोकळी झाली. दवाखाना गाठायचाच होता, मी गाडीच्या दाराशी गेलेही, पण सत्यम आला नाही. तो भर रस्त्यात धुळीत बसला होता, गुडघ्यांत तोंड घालून, आणि मोठमोठ्यानं रडत होता. गडी बघताहेत याचंही त्याला भान नव्हतं.

पहिल्या खेपेला या माणसाच्या डोळ्यांत टिपूससुद्धा आलं नव्हतं. दवाखान्याच्या कागदांवर सह्या केल्या, मला घरी आणलं आणि लगेच वाळूजला कंपनीत कामावर गेला. तेव्हापासून मी धरून चालले होते की ते बाळ माझ्या एकटीचं गेलं.

पोटामुळे मला वाकता येईना. मी त्याच्या केसांतली धूळ झटकत तशीच उभी राहिले.