आवक बाकी

धाकटीचा व्हिसा मंजूर झाला. मंगळवारी सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी.

आता हे विसरून जा. धाकटीनंही तेच केलं. मेल वाचला, त्यावर 'न वाचलेला' अशी खूण करून परत जागेवर ठेवला आणि चहाचं आधण चढवलं. काही झालेलं नाही. आपणही, जेव्हा खरंच काही झालं नव्हतं, तिथून सुरू करू.

शिक्षण संपल्यावर धाकटी परदेशातच एका बिस्किटांच्या कारखान्यात लागली. प्रयोगशाळेत बसायचं, रोज दोनशे बिस्किटं मोडायची आणि मोडताना कसा आवाज झाला ते तक्त्यात लिहायचं. आवाज तीन प्रकारचे : कट्ट, कुर्र आणि मेलेला. एवढ्यासाठी ती सहा वर्षं शिकली होती. विद्यार्थी व्हिसा संपत आला, तेव्हा कामाच्या व्हिसाचा अर्ज करावा लागला. हे काम पदवीशिवाय कुणाला जमणं शक्य नाही, असं कंपनीनं चार पानी पत्रात छातीठोकपणे लिहून दिलं.

"आमचं कार्टं रोज पुडाभर मोडतं," दादा फोनवर म्हणाला. "त्याची अजून बालवाडी व्हायचीय."

"आवाज लिहून ठेवतो का तो?"

"आवाज तुझी वहिनी काढते."

अर्जाच्या पावतीवर तळाला बारीक अक्षरांत एक ओळ होती : निर्णय होण्यापूर्वी अर्जदार देशाबाहेर गेल्यास अर्ज मागे घेतला असे समजण्यात येईल. रूममेटनं ती पावती फ्रिजवर चिकटवली. "आपण कुठे जातोय? फार तर कपडे धुवायला तळघरात."

बाबा म्हणजे निवृत्त आवक-जावक कारकून. छत्तीस वर्षं येणाऱ्या कागदाला आवक नंबर दिला, जाणाऱ्याला जावक. धाकटी परदेशी निघाली, त्या दिवशी त्यांनी घरच्या वहीत डाव्या पानावर लिहिलं, 'जावक क्र. १ : धाकटी, दोन बॅगांसह.' समोरच्या पानावर लिहिलं, 'आवक बाकी.' दारातून पाय काढताना धाकटीच्या तोंडून नेमकं "जाते" निघून गेलं.

"जाते काय म्हणतेस! येते म्हण," आई कडाडली.

"असू दे गं," बाबा वहीतून मान वर न काढता म्हणाले. "जावकच आहे ती."

अर्जाला चार महिने झाले आणि बाबांच्या फुप्फुसांनी संप पुकारला. "डॉक्टर म्हणतात, ज्यांना भेटायचंय त्यांनी भेटून घ्या," दादा म्हणाला. या वेळी विनोद केला नाही. तिनं बॅग भरली आणि व्हिसा कार्यालयाला फोन लावला. दोन तास होल्डवरची बासरी ऐकल्यावर एक बाई लाइनवर आली.

"जाऊ शकता," बाई म्हणाली.

धाकटीचा जीव भांड्यात पडला. "आणि परत येऊ शकते?"

"त्याला अर्ज लागतो. तो तुम्ही मागे घेतलेला असेल."

"मी कुठे घेतलाय?"

"गेल्यावर घेतलेला असेल."

जीव भांड्यातून बाहेर आला. तिनं घरी व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा, मी येते. खड्ड्यात गेला अर्ज."

बाबांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. "कागद आत आहे ना? मग हलवायचा नाही. मागे घेतलेला अर्ज कपाटातून पुन्हा बाहेर आलेला मी छत्तीस वर्षांत बघितला नाही. आणि मी काय पळून चाललोय?"

भरलेली बॅग पलंगाखाली गेली. पुढे रोज संध्याकाळी फोन. बाबा दोन वाक्यं बोलायचे आणि "ठेवतो" म्हणायचे. शुक्रवारी म्हणाले, "येतो."

"कुठे येताय? तुम्हाला व्हिसा लागेल!" धाकटी हसली. बाबाही हसले असावेत. पडद्यावर तोवर छत दिसायला लागलं होतं.

शनिवारी दुपारी दादाचा फोन आला. "बाबा गेले," तो म्हणाला.

सोमवारी धाकटी कामावर गेली आणि दोनशे बिस्किटांपुढे दोनशे वेळा 'मेलेला' लिहिलं. साहेबांनी तक्ता पाहिला, एक बिस्कीट उचलून मोडलं. कट्ट.

"हे तर वाजलं की."

"मला नाही ऐकू आलं."

साहेब शेजारचं स्टूल ओढून बसले आणि दोनशे बिस्किटं पुन्हा पहिल्यापासून स्वतः मोडत बसले.

मंगळवारी जे झालं नाही, ते झालं. मेलमध्ये शेवटी लिहिलं होतं : अभिनंदन. आपण आता केव्हाही देशाबाहेर जाऊन परत येऊ शकता.

"आलं का गं काही?" रूममेटनं विचारलं.

"नाही."

तेवढ्यात दादानं फोटो पाठवला. बाबांची वही, वेडंवाकडं झालेलं अक्षर. 'जावक क्र. २ : स्वतः. सामान नाही.' समोरचं पान कोरं.

चहा उतू गेला. धाकटीनं गॅस बंद केला, आवाजांचा एक कोरा तक्ता उलटा केला आणि लिहायला बसली.

'प्रति, आवक-जावक विभाग, जिथे असेल तिथे.
विषय : जावक क्र. २.
महोदय, सदर इसम निर्णय होण्यापूर्वीच बाहेर गेले आहेत, हे मान्य आहे. परंतु निघताना ते "येतो" असे म्हणाले होते व ते मी स्वतः ऐकले आहे. सबब त्यांचा अर्ज मागे घेतला असे समजू नये, आणि समोरच्या पानावर त्यांची आवक बाकी दाखवावी, ही नम्र विनंती.'