झाकणावरचं नाव

"हा घ्यायचा," ऋतुजा म्हणाली, आणि तिनं बोट ठेवलं ते नेमकं काळ्या, जुन्या, कडा घासलेल्या लॅपटॉपवर.

मंडळाचा सेक्रेटरी अभिमन्यू उडालाच. "अगं ए पोरी, डोकं फिरलंय का तुझं? शेजारी कोरा करकरीत ठेवलाय खोक्यासकट, आणि तू हे भंगार उचलणार?"

सात रस्त्याजवळच्या तन्वीरच्या दुकानात काउंटरवर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले होते. किंमत दोन्हींची जवळपास सारखीच. एक नवा, चंदेरी, हलका. दुसरा कुठल्याशा कंपनीत वापरलेला, बटणांवरची अक्षरं पुसट झालेली. ऋतुजा सिव्हिल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला कॉलेजात पहिली आली होती, म्हणून वस्तीतल्या मंडळानं तिचा सत्कार ठरवला होता आणि लॅपटॉप भेट द्यायचं जाहीर केलं होतं. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्यावरच करायचा होता. मैत्रिणीचा लॅपटॉप मागून मागून पोरगी मेटाकुटीला आली होती.

तिनं पेन ड्राइव्हमधून पुलाचं ड्रॉइंग आणलं होतं. नव्यावर ते उघडायला गेली, तर पडद्यावर नुसतं गोल फिरत राहिलं. बरोबर आलेली तिची आई, सोनाबाई, तेवढ्यात बाटलीतलं पाणी प्यायल्या, त्यांनी पदर सारखा केला, तरी ते आपलं फिरतंच. जुन्यावर मात्र पूल कसा झटक्यात, रेघ न् रेघ घेऊन उभा राहिला.

"नव्यात रूप हाय मावशी, ताकद न्हाय," तन्वीर म्हणाला. "हिचं सॉफ्टवेअर लई जड असतंय. जुना दणकट हाय, बॅटरी नवीन टाकून देतो मी."

सोनाबाईंना लॅपटॉपातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण जुनं-नवं त्यांना चांगलं कळत होतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवण्यात त्यांची उमर गेली होती. घरी आल्यावर पुन्हा ब्लाऊज शिवायचे. मागे याच मंडळानं 'गरजू महिला' म्हणून त्यांना स्टेजवर बोलावून शिलाई मशीन दिलं होतं. नवंकोरं, गुलाबी रंगाचं. वर ऑइलपेंटनं अध्यक्षांच्या वडिलांचं नाव. ते पत्र्याचं सोंग दिवाळीपर्यंतसुद्धा टिकलं नाही. तक्रार घेऊन गेल्या, तर "फुकटातलं आहे, किती दिवस चालणार?" असं तोंडावर ऐकवलं. त्या वेळी सोनाबाई गुमान परत आल्या होत्या. मग त्यांनी गल्लीतल्या टेलरच्या बायकोकडून, कमलम्माकडून, तिचा नवरा गेल्यावर पडून राहिलेलं जुनं बिडाचं मशीन घेतलं. ते आजतागायत बिनतक्रार चालत होतं. मंडळाच्या ऑफिसात मात्र गुलाबी मशीन घेतानाचा फोटो अजून भिंतीवर होता, हार घालून.

"माजं बी मशीन जुनंच हाय की," त्या म्हणाल्या. "हात लावला की पळतंय."

"असलंच मशीन आमची अम्मी शोधतीय," तन्वीर हसला. "नवीन पत्र्याचं नको म्हणती. मिळतच न्हाय कुटं."

अभिमन्यूनं तोवर अध्यक्षांना फोन लावला होता. अमृतराव भांड्यांचे व्यापारी. फोनातूनही त्यांचा आवाज दुकानभर घुमला. "जुनं? स्टेजवर जुनं देऊ मी? फ्लेक्स छापून आलेत! दान द्यायचं ते कोरंच द्यायचं असतंय. आमच्या वडलांच्या नावानं वापरलेला माल वाटू व्हय?"

ऋतुजाचा चेहरा उतरला. तेव्हा तन्वीरनंच तोड काढली. नवा लॅपटॉप खोक्यासकट स्टेजवर जाऊ दे, फोटो होऊ दे. सील फोडू नका. दुसऱ्या दिवशी आणून द्या, मी बदलून जुना देतो. अभिमन्यूला काय, फोटोशी मतलब. तो खोकं बगलेत मारून निघून गेला. सोनाबाईंना ही लपवाछपवी आवडली नव्हती, पण पोरीचं काम होतंय म्हटल्यावर त्या गप्प बसल्या.

रविवारी मांडव भरला. भाषणं झाली, हार झाले, शाली झाल्या. मायलेकींना स्टेजवर बोलावलं आणि अमृतराव पुढं आले. त्यांच्या हातात खोकं नव्हतंच! उघडा लॅपटॉप होता, वर झेंडूचं फूल आणि कुंकवाचं बोट. म्हणजे सील फुटलं होतं.

"बघा," अमृतरावांनी लॅपटॉप मिटून झाकण लोकांकडं धरलं, "कायमची आठवण करून ठेवलीय!"

झाकणावर नाव कोरलं होतं. ताटावर, तांब्यावर, हंड्यावर दुकानात नाव घालतात ना, टर्र आवाज करणाऱ्या त्या सुईच्या मशीननं, तसंच. 'कै. गुरुबसप्पा यांच्या स्मरणार्थ, चि. अमृतराव यांजकडून सप्रेम भेट.' खाली वेलबुट्टीसुद्धा! या माणसानं देवळातल्या समईपासून स्मशानातल्या बाकड्यापर्यंत काही सोडलं नव्हतं. आता हा लॅपटॉप तन्वीर कसा परत घेणार आणि कुणाच्या गळ्यात मारणार?

"चालू कर की बाळ, फोटो येऊ दे," अभिमन्यू म्हणाला.

ऋतुजानं बटण दाबलं. पडदा उजळला आणि मधोमध काळा डाग पसरलेला दिसला, शाई सांडल्यासारखा. त्यातून वर-खाली रेघा निघाल्या होत्या. डाग बरोबर नावाच्या मागं होता. सुई पितळेवर चालवायची, ती यांनी पातळ प्लॅस्टिकवर दाबून चालवली होती, आणि त्याच्या मागंच पडदा होता.

"आई," ऋतुजा एवढंच म्हणाली.

अमृतरावांनी वाकून पाहिलं. क्षणभर ओशाळले, पण लगेच हसून म्हणाले, "नवीन हाय, सुरुवातीला असं होतंय. आणि सोनाबाई, म्हण हाय की, धर्माची गाय आणि दात का गं न्हाय! दानाच्या वस्तूत खोट काढू नये."

सोनाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुलाबी मशीन आठवलं, भिंतीवरचा फोटो आठवला. तेव्हा गिळलेला शब्द न् शब्द आता वर आला. माईक अमृतरावांच्या हातातच होता, त्यामुळं साऱ्या मांडवानं ऐकलं.

"दात नसू द्यात हो अध्यक्ष. पर ती दूध तर देऊ द्या! मागं मशीन दिलंसा, ते मोडलं. म्या बोलले न्हाय. आज माज्या लेकीनं तोंडानं सांगितलं, मला हे नको, ते चालंल. तिची अक्कल बगूनच सत्कार करताय न्हवं? मग तिचं एक तरी ऐकायचं! तुमाला गरिबाचं काम हुयाला नको, तुमाला नुस्तं नाव पायजे. ह्ये घ्या तुमचं नाव. दुकानात ठेवा."

त्यांनी लॅपटॉप अमृतरावांच्या हातात दिला. "माजलेत लोक, देणाऱ्याची किंमत न्हाय," अभिमन्यू पुटपुटला. ऋतुजानं अंगावरची शाल काढली, नीट घडी घातली, खुर्चीवर ठेवली आणि आईच्या मागोमाग खाली उतरली.

रस्त्याला लागेपर्यंत सोनाबाईंचा संताप टिकला. मग त्या थांबल्या. बोलायला काय, बोलून बसलो, पण पोरीच्या प्रोजेक्टचं काय?

"चुकलं का गं माजं?"

"नाही," ऋतुजा म्हणाली. "मी मागीन मैत्रिणीकडून. रात्री देते कधी कधी."

हे 'मागीन' सोनाबाईंना फार लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खाडा केला. ऋतुजा कॉलेजला गेल्यावर रिक्षा बोलावली, बिडाचं मशीन स्टँडसकट चढवलं आणि तन्वीरच्या दुकानासमोर उतरवलं. तन्वीर धावत बाहेर आला.

"मावशी, हे काय? असं नका करू. लॅपटॉप घेऊन जावा, सावकाश बघू."

"उपकार नको बाबा. उपकारांनी पोट भरलंय माजं. तुज्या अम्मीला मशीन पायजे, मला लॅपटॉप पायजे. सौदा कर."

तन्वीरनं चाक फिरवून पाहिलं. सुई सरसर वर-खाली झाली. आत जाऊन त्यानं काळ्या लॅपटॉपला नवी बॅटरी घातली, फडक्यानं पुसला आणि दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिला. "तेल कुठलं घालता, मावशी?" त्यानं विचारलं. सोनाबाईंनी सांगितलं, आणि पट्टा ओला होऊ देऊ नको म्हणावं अम्मीला, असंही सांगितलं.

संध्याकाळी ऋतुजा आली ती दारातच थबकली. खिडकीखालची मशीनची जागा रिकामी होती. फरशीवर स्टँडच्या चार पायांचे गंजके ठसे, आणि त्यांच्या मधोमध पाटावर काळा लॅपटॉप. ती पाटाशी येऊन बसली.

"आई, तुझं मशीन..."

"रडायचं न्हाय. आदी चालतंय का बग."

डोळे पुसून तिनं पेन ड्राइव्ह लावला. पूल उभा राहिला. झाकण साधं होतं, ओरखडे पडलेलं, कुणाचंच नाव नसलेलं. ऋतुजानं त्यावरून हात फिरवला. "आई, यावर तुझं नाव घालू?"

"गप काम कर," सोनाबाई म्हणाल्या.

शेजारणीचा ब्लाऊज आज द्यायचा कबूल केला होता. त्या उजेडाला सरकून बसल्या, सुईत दोरा ओवला आणि हातानं हेम घालू लागल्या. मशीनवर पळणारी शिवण आता टाक्याटाक्यानं पुढं सरकत होती. त्यांचा उजवा पाय मात्र फरशीवर आपोआप पायडल मारत राहिला.