निळ्याला निळा दोरा

कापड रंगवण्याच्या कारखान्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत घाम बाटलीत असायचा. मीठ आणि आणखी दोन-तीन पावडरी मोजून पाण्यात विरघळवल्या की झाला तयार. एक आंबट करायचो, एक सोड्यासारखा. आंबट बाटलीला आम्ही 'सासूबाई' म्हणायचो, दुसरीला 'साहेब'. आमच्या प्रमुख, मोठ्या बाई, हे ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

रंगवलेला तुकडा पांढऱ्या कापडाला टाके घालून जोडायचा, त्या घामात भिजवायचा आणि दोन काचांमध्ये दाबून अंगाच्या उबेइतक्या गरम कपाटात चार तास ठेवायचा. मग पांढऱ्यावर किती रंग उतरला ते राखी छटांच्या पट्टीशी ताडून बघायचं. पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे सगळंच मुसळ केरात.

त्या दिवशी रंगारीमामांच्या निळ्याला मी दोन दिले. इस्पितळाच्या गणवेशाचं कापड होतं. आधीचे दोन लॉट परत आले होते आणि हाही आला तर मामांना घरी बसवणार, हे अख्ख्या कारखान्याला ठाऊक होतं. मला नोकरीला लागून जेमतेम चार महिने झाले होते.

मामा दुपारी दारात आले. "काय गं पोरी, किती?"

"दोन, मामा."

ते मटकन स्टुलावर बसले. मग एकदम उठले आणि शर्टाची बटणं काढायला लागले.

"अहो मामा, हे काय करताय!"

"ओरडू नकोस. त्याच लॉटचा शर्ट आहे, बायकोने परवा शिवला. सकाळपासून घालून वाफेच्या हौदावर उभा आहे. तुझ्या कपाटात चार तास, माझ्या अंगावर सहा! आता बनियन बघ."

बनियन घामाने चिंब होता, पण पांढरास्वच्छ.

"मामा, बटणं लावा," मोठ्या बाई म्हणाल्या. "बनियनवर अहवाल देता येत नाही."

मी तुकडा पुन्हा उजेडात धरला. डाग मधे नव्हताच. काठाकाठाने होता, प्रत्येक टाक्यापाशी एक, मुंग्यांच्या रांगेसारखा. सकाळी पांढरा दोरा संपला होता, म्हणून पर्समधलं नणंदेचं रीळ वापरलं होतं. निळ्याला निळा शोभेल म्हणून!

गप्प बसावं, असं क्षणभर वाटलं. मामा एकेक बटण लावत होते.

"बाई, माझं चुकलं. रंग कापडाचा नाही, मी वापरलेल्या नणंदेच्या दोऱ्याचा उतरलाय."

बाईंनी चष्मा पुसून तुकडा पाहिला. "इथे कापड तपासतात, नणंदेचा दोरा नाही," एवढंच म्हणाल्या आणि अहवाल संध्याकाळी येईल असा वर फोन केला.

मी दुकानातून पांढरा दोरा आणून नवा तुकडा जोडला आणि घामात भिजवून कपाटात ठेवला. पुढचे चार तास मामा बाहेर बसून होते. मला जो घाम फुटला तो कुठल्याच बाटलीत मावला नसता.

संध्याकाळी टाके उसवले. आत पांढरं ते पांढरंच. बाईंनी पट्टी दोनदा लावली. "साडेचार."

माझा जीव भांड्यात पडला. मामांनी वाकून पट्टी स्वतः बघितली. मग घसा खाकरून म्हणाले, "पाच का नाहीत?"

"अर्धा बटणं काढल्याबद्दल कापला," बाई म्हणाल्या, आणि आम्ही तिघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

घरी जाताच नणंदेच्या हातात रीळ ठेवलं. "वन्सं, तुमचा दोरा नापास झाला."

"अगंबाई! आणि तू?"

"मी काठावर पास."