अंगदचं चाक

दसरा झाला की आमच्या वाडीत सगळे गाठोडी बांधायला लागतात. अंगद तेवढा मोटरसायकलचं मागचं चाक काढायला बसायचा.

आमची वाडी खर्ड्यापासून आत, माळावर. ऊसतोडीला जाणं आम्हाला काही नवीन नाही. ट्रक यायचा, त्यात पेट्या, भांडी, कोयते, कोंबड्या चढायच्या आणि सगळ्यात शेवटी अंगद खांद्यावर चाक घेऊन यायचा. चाकाचा एक्सल, त्यावर बसणारं नळीसारखं बुश, नट असलं सगळं एका पिशवीत बांधलेलं. मुकादम कपाळावर हात मारून घ्यायचा. "आरं, लोकं संगं देव घेत्यात, तू चाक घेतोस!" कारखान्यावर आमच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, शेजारी शेजारी असायच्या. अंगदच्या कोपीत वाकून शिरलं की समोर मेढीला, मधल्या खांबाला, चाक टांगलेलं दिसायचं. त्याची बायको राजेश्वरी चाकाच्या तारांवर फडकी वाळत घालायची. मी त्याचा शेजारी आणि लहानपणापासूनचा दोस्त, तेव्हा चेष्टेचा पहिला मान माझा. "पुढल्या साली हँडल पन आन, मंग अर्धी गाडी तरी हुईल," असं मी म्हणायचो.

चाक नेण्याचं कारण त्याचा बाप. काकासाहेब नाव, पण आम्ही सगळेच त्यांना आबा म्हणतो. आबांच्या दोन्ही डोळ्यांपुढे धूर. ऑपरेशनचं नाव काढलं की उठून गोठ्यात जाऊन बसणार, आणि गाडीवर बसायचं मात्र सोडणार नाहीत. बाजाराला ते गाडीवरच जायचे आणि मागे बायडाकाकू, अंगदची आई. खरं सांगायचं तर गाडी तीच चालवायची, आबांच्या हातात नुसतं हँडल. "डावीकडं म्हैस हाय. पुढं खड्डा, हळू. आता रस्ता मोकळा हाय, जाऊ द्या." गाडीच्या आवाजाआधी काकूचा आवाज वाडीत पोचायचा आणि लेकरं आपोआप रस्त्यातून बाजूला व्हायची.

एकदाच घोटाळा झाला. काकूला बहिणीकडं नेवाशाला जायचं होतं, आबा नको म्हणाले, आणि ती रुसून मागे बसली. सबंध रस्ताभर तिनं तोंड उघडलं नाही. आबांनी गाडी सरळ आमच्या उकिरड्यात घातली. माझ्या आईनं, चांगुणाबाईनं, दोघांना हाताला धरून बाहेर काढलं. कमरेपर्यंत शेणात बसून आबा विचारत होते, "आगं, सांगायचं तरी!" आणि काकू तेव्हाही बोलली नाही. सगळी वाडी हसली. अंगद हसला नाही, कारण आईचं कोपर सोललेलं त्यानं पाहिलं होतं. आपण सहा महिने परमुलखात, इथं हे पडले तर उचलणार कोण, हे त्याच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

त्या वर्षी जाताना त्यानं चावी नेली. आबांनी वायरी जोडून गाडी चालू केली. पुढल्या वर्षी त्यानं पेट्रोल काढून घेतलं, तर आबांनी दुकानातनं बाटलीनं आणलं. मग अंगदनं चाकच काढलं. आबा ओट्यावर बसून ऐकत होते, रागावले नाहीत. "ने बाबा," म्हणाले, "माया हाय तुजी, म्हून नेतूस."

काकूनं मात्र विचारलं होतं, "आन मला काय झालं तर रं?"

"तुला काय हुतंय? म्हशीवानी खडखडीत हायस," अंगद म्हणाला, आणि ती हसायला लागली. तो तिचा एकुलता एक, त्याला सगळं माफ होतं.

गेल्या हंगामातली गोष्ट. संक्रांत नुकतीच झाली होती. त्या दिवसांत आमच्या वाडीत फक्त म्हातारीकोतारी उरतात. चालती गाडी तर एकही नसते. दुपारी काकूच्या छातीत कळ आली, घामानं लुगडं भिजलं. माझ्या आईनं ॲम्ब्युलन्सला फोन लावला, तर ती दुसऱ्या पेशंटला घेऊन लांब गेलेली, यायला वेळ लागेल म्हणाले. खालच्या वस्तीवर आदिनाथचा टेम्पो असतो, त्याचा फोन लागेना. आई बांधाबांधानं पळत त्याच्याकडं निघाली.

मागे आबा आणि काकू दोघंच राहिले. आबांच्या दारात गाडी होती, पण चाक नव्हतं. आमच्या पत्र्याखाली माझी गाडी उभी होती. तिला चाक होतं, पण हँडल लॉक केलेलं आणि चावी माझ्या पेटीत, कारखान्यावर. दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, अगदी एकसारख्या. मी आबांची बघूनच घेतली होती, तेव्हा हिचं चाक तिला बसतं हे आबांना माहीत होतं. त्यांनी पाने आणले. काकूला आमच्या भिंतीला टेकवून बसवलं आणि म्हणाले, "पदर पसर. मी काय काय काढून देतो ते धरून बस. मला नंतर सापडायचं न्हाई."

पुढचं सगळं आबांनी त्याच रात्री माझ्या आईला एकदाच सांगितलं आणि तिनं मला.

त्यांनी माझी गाडी डबल स्टँडवर घेतली. हाताने चाचपून आधी ब्रेकची दांडी सोडवली, मग पान्यावर दगड घालून एक्सलचा नट ढिला केला. नट काकूच्या हातात दिला. एक्सल ठोकून बाहेर काढला तेव्हा बुश निसटून गडगडत गेलं.

"पान्याच्या टाकीकडं गेलं," काकू म्हणाली. "डावीकडं. आजून डावीकडं. हां, हाताखालीच हाय."

त्यांनी बुश तिच्या पदरात टाकलं. चाक तिरपं करून ओढून काढलं आणि लोटत आपल्या गाडीपाशी नेलं. आमचं आणि त्यांचं अंगण एकच, आमच्या भिंतीपासून त्यांची गाडी हातभर. चाक बसवायला तर चांगल्या डोळ्याच्या माणसालाही घाम फुटतो, कारण एका हाताने वजन तोलायचं, दुसऱ्याने एक्सल घालायचा आणि भोकं सगळी एका रेषेत यायला हवीत. आबांनी टायरखाली पाय घालून चाक उचललं. एक्सल आत जाईना.

"वर घ्या थोडं," काकू म्हणाली. "लई झालं. खाली. आता बुश घाला." तिनं हात लांब करून बुश दिलं. "आता बसलं बगा."

एक्सल आरपार गेला. आबांनी मागे न बघता हात पसरला. "नट दे."

काकूनं नट दिला नाही.

"आगं, नट दे की. झालंच हाय, दवाखान्यातच जायचं हाय आता."

ती गप्प. आबांना वाटलं, ती रुसली. आयुष्यात ती एकदाच त्यांच्याशी बोलायची थांबली होती, तीही रुसूनच, त्यामुळे दुसरं काही त्यांच्या मनातच आलं नाही. हात तसाच पसरून ते म्हणाले, "आता रुसू नगं. तुला नेवाशाला पन नेतो. नट दे."

टेम्पो बाजाराला गेलेला, म्हणून आई हात हलवत परत आली. तेव्हा आबा काकूसमोर गुडघ्यावर बसले होते आणि तिची मूठ उघडायला बघत होते. आईनं ती मूठ सोडवली. आत नट होता. आबांनी तो घेऊन बंडीच्या खिशात घातला आणि म्हणाले, "गाडी तयार हाय, चांगुणा. येवढा नटच ऱ्हायला."

फोन आला तेव्हा आम्ही उसाच्या फडात होतो. मुकादमानं जीप करून दिली. अंगद कोपीत गेला तो मेढीवरचं चाक पिशवीसकट काढून घेऊन आला आणि ते मांडीवर घेऊन जीपमध्ये बसला. त्या चाकाचा आता काय उपयोग, हे त्याला विचारायची छाती माझ्यात नव्हती. सबंध रस्ता त्यानं त्याच्यावरचा हात काढला नाही. दारात उतरला आणि आपल्या गाडीला चाक बसलेलं दिसलं, तेव्हा तो खालीच बसला. बापाच्या पायाशी डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. मीही रडलो. काकूनं मला अंगदइतकंच भरवलं होतं.

सावडणं झाल्यावर तो चाकं बदलायला निघाला. माझं चाक मला द्यायचं, आपलं आपल्याला लावायचं. आबा ओट्यावरून म्हणाले, "त्या गाडीला हात लावू नगंस. ते तिनं बशिवलंय." मग त्यानं आपलं चाक माझ्या गाडीला लावलं, आणि आजही मी त्याच्याच चाकावर फिरतो.

आबा त्याला एक वावगा शब्द बोलले नाहीत, हेच वाईट झालं. "जेवला का," "बैलाला पानी दाव," सगळं पहिल्यासारखं. तू चाक नेलंस म्हणून ती गेली, एवढं एकदा तरी ते बोलतील म्हणून अंगद वाट बघत राहिला. एकदा माझ्यासमोर त्यानं हात जोडले. "आबा, शिव्या द्या. मारा. पन काय तरी बोला." आबा म्हणाले, "कशापायी? तू काय वाईटासाठी नेलंवतंस?" आणि ते गोठ्यात निघून गेले.

पाऊसपाणी झालं, दसरा आला, यंदाचा ट्रक येऊन उभा राहिला. आबांना संगं चला म्हणून अंगदनं आणि राजेश्वरीनं हातापाया पडून झालं होतं. ते वाडी सोडायला तयार नव्हते. तेव्हा अंगदनं खर्ड्याला जाऊन नवा नट आणला. चाक जागच्या जागी ठेवून, नट आवळून, चावी आणि भरलेली टाकी बापाच्या हवाली करून जायचं त्यानं ठरवलं होतं. त्या गाडीवर आबा परत बसले तर त्यांनी आपल्याला माफ केलं असं तो धरून चालला होता. मला तसं बोलूनही दाखवलं होतं.

पाना घेऊन तो गाडीपाशी बसला. "आबा, चाक इथंच ऱ्हातंय. ह्यो नट लावला की गाडी तुमची."

आबा ओट्यावरून उतरले. चाचपत आले, त्याच्या शेजारी बसले आणि एक्सलला हात घातला. नटच नव्हता, त्यामुळे थोडं हलवताच एक्सल बाहेर आला. चाक खाली टेकलं. बुश पडलं ते अंगदनं उचललं. आबांनी चाक ओढून काढलं आणि त्याच्या अंगाला टेकवलं.

"ने."

"आबा, नका असं करू. एवढी शिक्षा नका देऊ."

"शिक्षा न्हाई रं." त्यांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून बोटांनी पाहिला, डोळे पुसले. "गाडी मी कवा चालवत हुतो? तीच चालवायची. आता डावं-उजवं कोन सांगनार हाय मला? ठिवून गेलास तर एखाद्या दिशी मी बसंन, आन मुद्दाम बसंन. तवा तू ने."

अंगदला हुंदका आवरेना. राजेश्वरीनं तोंडात पदर धरला. मी तिकडं बघायचं टाळलं. मुकादमानं हॉर्न दिला, मग आमच्याकडं पाहून त्याचं त्यालाच कसंतरी झालं असावं, कारण त्यानं पुन्हा वाजवला नाही.

अंगद उठला, चाक उचललं. पिशवीत एक्सल टाकला, बुश टाकलं. मग काय वाटलं त्याला कुणास ठाऊक, बापापुढं हात पसरून म्हणाला, "तिच्या हातातला नट तरी द्या, आबा. माझ्यापाशी ठिवतो."

आबांनी बंडीच्या खिशावर हात ठेवला.

"त्यो न्हाई. त्यो मी तिच्याकडनं मागून घेतलाय. जाईन तवा तिचा तिला परत द्यायचा हाय."