तांदळातलं नाव

निवडणुकीनंतरच्या शुक्रवारी सकाळी सात वाजता साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलमधून फोन आला. माझी बायको सुलक्षणा पहाटे गेली होती. टीव्हीवर निकाल चालू होते, नवं सरकार येणार हे ठरलं होतं. मी टीव्ही बंद केला आणि लंडनला अक्षयाला, आमच्या मुलीला, फोन लावला.

पुढच्या आठवड्यात मी मृत्यूची नोंद करायला गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं, त्यांचं आणखी काही नाव होतं का? मी नाही म्हणालो. चाळीस वर्षं मी तिला सुलक्षणाच म्हणत होतो.

अक्षया अर्थशास्त्र शिकलेली. नव्या अर्थमंत्री ट्रेझरीत आपले पहिले सल्लागार नेमत होत्या, त्यांत तिला बोलावलं होतं. त्याआधी सिक्युरिटी तपासणीचा मोठा फॉर्म भरायचा होता. आईची माहिती हवी म्हणून ती घरी आली. कपाटातून एक जुना शाळेचा दाखला काढून तिने माझ्यासमोर ठेवला.

"बाबा, ही अरुणा कोण?"

"तुझी आई. ते माहेरचं नाव."

"आडनाव बदलतात, माहीत आहे मला. फर्स्ट नेम पण?"

मी सांगितलं, लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. मीही लिहिलं होतं.

"म्हणजे तुम्ही तिला रीनेम केलं. फाइलसारखं."

"तेव्हा करायचे."

"तिला विचारलं होतंत?"

मी चहा गाळत राहिलो. ती लॅपटॉपकडे वळली.

"फॉर्ममध्ये आईचं जन्मापासून सगळं नावं मागितलाय. मी खोटं लिहिणार नाही, बाबा."

तिचं मराठी असं अडखळलं की आई लगेच सुधारायची. तिने अरुणा लिहिलं.

दहा दिवसांनी तिचा फोन आला. आईच्या नागरिकत्वाच्या कागदावर दुसरं नाव नाही. मृत्यूच्या दाखल्यावरही नाही, आणि तो तर याच महिन्यातला. मग अरुणा कुठून आली, असं तपासणाऱ्यांनी विचारलं होतं. ट्रेझरीची पहिली यादी त्या दिवशी जाहीर झाली. तिचं नाव त्यात नव्हतं.

"शुक्रवारपर्यंत माझी जागा ठेवतील," ती म्हणाली. "तोपर्यंत तुम्ही मृत्यूचा दाखला दुरुस्त करा. प्लीज."

"करतो."

"आणि तिला सुलक्षणा हे नाव आवडायचं का, ते सांगा. फॉर्मसाठी नाही. मला पाहिजे."

मला ते माहीत नाही. माझ्या थोरल्या वहिनीचं नाव अरुणा होतं. घरात दोन अरुणा नकोत, असं माझ्या आईने ठरवलं. मी सुलक्षणा लिहिलं, आणि माझी बायको त्या नावाला ओ देऊ लागली. पुढे कधी तो विषय निघाला नाही.

दुरुस्तीच्या फॉर्मवर नाव का बदललं, याचं कारण विचारलंय. मी आधी लिहिलं, आमच्याकडे तशी रीत होती. मग ते खोडलं. रीतच होती तर वहिनीचं नाव का नाही बदललं?

उद्या गुरुवार, नोंदणी कार्यालयात सकाळी दहाची वेळ मिळाली आहे. कारणाचा रकाना अजून भरलेला नाही.