हात लावू नका

"सर, हात लावू नका!"

अरुंधती मॅडम मैदानाच्या कडेवरून ओरडल्या, तेव्हा कोमल खो-खोच्या खांबापाशी बसली होती. गुडघा फुटला होता, रक्त पोटरीवरून मोज्यात उतरत होतं. क्रीडाशिक्षक कैलास सर खिशातला रुमाल काढून तिच्यासमोर वाकले होते. ते तसेच थांबले. नववीच्या सगळ्या मुली वळून बघू लागल्या.

"हातमोजे घाला आधी," मॅडम धापा टाकत म्हणाल्या. "नियम आहे."

नियम खरंच होता. कुणाचंही रक्त असो, हातमोजे घालावेत. पण मागच्याच आठवड्यात ऋचाचा घोळणा फुटला, तेव्हा याच मॅडमनी तिचं डोकं मांडीवर घेऊन आपल्या ओढणीनं रक्त पुसलं होतं. ते सगळ्यांनी पाहिलं होतं. कोमलनंही. तिनं मान वर करून मॅडमकडे एकदा पाहिलं, सरांच्या हातातला रुमाल ओढून घेतला आणि स्वतःच गुडघा बांधला.

कोमलचं दुखणं शाळेत एकट्या अरुंधती मॅडमना ठाऊक होतं. जूनपासून पोरगी दर महिन्याला एक दिवस गैरहजर राही, म्हणून त्यांनीच हट्टानं पालकांना बोलावून घेतलं होतं. जवळच्या औंढे गावाहून तिची आजी आली, नंदाबाई. मॅडमना प्रयोगशाळेच्या मागं नेऊन ती म्हणाली, "जल्मापास्नं हाय तिला, एचआयव्ही. तिचे आईबाप त्यातच गेले. गोळ्या चालू हायेत, डाक्टर म्हनतो पोरगी खनखनीत हाय. औशिदाला पुन्याला जावं लागतं, म्हनून खाडा. गावात कुनाला ठाव न्हाई, बाई. ठाव हू न्हाई म्हनून तर हितं लोनावळ्याला घातली. तुमाला एकलीला सांगतीय."

"माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही, मावशी," मॅडम म्हणाल्या होत्या. मनापासून म्हणाल्या होत्या. बावीस वर्षं त्या विज्ञान शिकवत होत्या. सोबत बसल्यानं, जेवल्यानं, शिवल्यानं हा आजार पसरत नाही, हे दर वर्षी फळ्यावर लिहीत होत्या. औषध नियमित असलं की रक्तातला विषाणू जवळजवळ नाहीसा होतो, हेही त्यांना माहीत होतं. सगळं माहीत होतं. तरी मैदानावर रक्त दिसलं आणि तोंडातून ते निघून गेलं.

मधल्या सुट्टीत कैलास सरांनी शिक्षकखोलीचं दार लोटून घेतलं. "मॅडम, काय भानगड आहे? मला दोन लेकरं आहेत घरी. खरं सांगा."

'काही नाही हो' एवढंच म्हणायचं होतं. मॅडम पुढ्यातल्या वह्या एकीवर एक रचत राहिल्या. सर नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुऊ लागले. रक्ताला त्यांचा हात लागलाही नव्हता.

चार दिवसांत कोमलच्या शेजारची ऋचा मागच्या बाकावर गेली. मग पुढचा बाक रिकामा झाला. ती पाणी प्यायला गेली की टाकीपाशी रांग मोडायची. 'त्या मुलीला एड्स आहे म्हणे, काढा तिला,' असं सांगत तीन पालक मुख्याध्यापकांना भेटून गेले.

"तिला काढता येणार नाही, आणि मी काढणारही नाही," मुख्याध्यापक म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "आपण एक व्याख्यान ठेवू. जनजागृती. तुम्हीच घ्या."

"सर, ती समोर बसलेली असेल. कुणाबद्दल चाललंय ते सगळ्यांना कळेल."

"आपण नाव कुठं घेणार आहोत?"

व्याख्यान झालं. मॅडम चांगलं बोलल्या, पण प्रत्येक वाक्याला सभागृहातल्या माना सतरंजीच्या एका टोकाकडे वळत होत्या. तिथं कोमल एकटी, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. 'शिवल्यानं पसरत नाही' म्हणताना मॅडमची नजरही तिकडेच गेली.

शेवटी एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, मग त्या दिवशी तुम्ही का ओरडलात?"

तिच्या विचारण्यात खोच नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं आणि तास संपला म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून कोमल आली नाही.

दहा दिवस वाट पाहून मॅडम रविवारी औंढ्याला गेल्या. भाताची झोडणी उरकली होती. नंदाबाई अंगणात पाखडत बसली होती. तिनं सूप बाजूला ठेवलं, चटई टाकली, आत जाऊन चहा करून आणला. मॅडम कप तोंडाला लावून न थांबता घोटावर घोट घेऊ लागल्या.

"पिऊन दाखवू नगा, बाई," नंदाबाई म्हणाली. "प्यावासा वाटला तर प्या."

मॅडमनी कप खाली ठेवला. "मावशी, मी कुणाला सांगितलं नाही हो."

"न्हाई सांगितलं. वरडलात."

कोमल दारात येऊन उभी राहिली. "मॅडम, सतरा नंबरचा फॉर्म भरला की शाळेत न येता दहावी देता येते ना?"

"येते. पण तू परत ये. मी आहे ना."

कोमल वाकून उंबऱ्यावर उडालेला कोंडा झटकू लागली. तेव्हा मॅडमच घाईनं म्हणाल्या, "बरं, मग दर रविवारी मी इथं येऊन शिकवते."

"नको, मॅडम. तुम्ही यायला लागलात तर गावात विचारतील, लोणावळ्याच्या मॅडम हिच्याकडं कशाला येतात. शाळा लांब पडती म्हणून सोडली, असं सांगितलंय आम्ही. दाखला लागेल. तेवढा टपालानं पाठवा."

नंदाबाईनं सूप पुन्हा हातात घेतलं.

मॅडम निघाल्या. दोन घरं ओलांडली असतील, तोच ओट्यावर ऊन खात बसलेल्या एका म्हाताऱ्यानं हटकलं. "कुनाकडं आलता, बाई?"

मॅडम थांबल्या. मागून पाखडण्याचा आवाज येत होता.

"कुणाकडे नाही, आबा. रस्ता चुकले."

"चुकला व्हय? थांबा, दावतो."

म्हातारा काठी टेकत उठला आणि पुढं चालू लागला. डांबरी सडक समोर स्वच्छ दिसत होती. मॅडम त्याच्या मागोमाग, त्याच्या चालीनं, हळूहळू चालत गेल्या.